आधी आंघोळ, मग तलाव : एका साध्या नियमाचा इतिहास (धागा)

१/
१८९८ साली बॉस्टनचे महापौर जोसायाह क्विन्सी यांनी शहराच्या स्नानगृह समितीचे सचिव डॅनियल कर्न्स यांना फिलाडेल्फियास पाठवले. तेथील नगरपालिकेचे नऊ जलतरण तलाव पाहून यायचे, एवढेच काम होते. कर्न्स यांना त्या तलावांत एकही शॉवर आढळला नाही. दिवसभर गल्लीबोळांत हुंदडलेली मळकी मुले रस्त्यावरून थेट आत येत, कपडे भिरकावत आणि पाण्यात उड्या घेत. ते दृश्य पाहून कर्न्स अस्वस्थ झाले.

२/
तलाव बांधणाऱ्यांनी हलगर्जीपणा केला होता, असे मात्र म्हणता येत नाही. हे तलाव १८८० च्या दशकात आणि १८९० च्या दशकाच्या प्रारंभी, बहुतांशी गरीब वस्त्यांत उभारले गेले. या वस्त्यांतील घरांना न्हाणीघरे नव्हती. कष्टकऱ्यांचे अंग धुतले जावे म्हणूनच नगरपालिकेने हा खर्च केला होता. अंग धुण्यासाठी आलेल्या माणसास ‘आधी अंग धुऊन ये’ असे कोण सांगणार? तलाव हीच त्यांची आंघोळ होती.

३/
परंतु तलाव बांधले गेले आणि कर्न्स तेथे पोहोचले, या काळात रोगाविषयीची समजूत पालटली होती. रॉबर्ट कोख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला. पुढच्या दोन वर्षांत पटकीचा जंतूही हाती लागला. तोवर घाण म्हणजे डोळ्यांना दिसणारी आणि नाकाला जाणवणारी वस्तू होती. आता नितळ पाण्यातही रोग असू शकतो, हे मान्य करावे लागले. जलतरण तलाव ही स्वच्छ होण्याची जागा होती. ती हळूहळू स्वच्छ होऊन जाण्याची जागा बनली.

४/
आज प्रत्येक जलतरण तलावाच्या भिंतीवर ‘पाण्यात उतरण्यापूर्वी आंघोळ करावी’ अशी पाटी असते. तिच्यामागे हा बदल आहे. पण पाटीचा इतिहास केवळ जंतुशास्त्राचा नाही. अनेकांनी एकच पाणी वापरायचे ठरवले की ‘ते घाण कोण करतो?’ हा प्रश्न लगोलग उभा राहतो. त्या प्रश्नाला वेगवेगळ्या समाजांनी दिलेली उत्तरे पाहिली, तर ती पाण्यापेक्षा त्या समाजांविषयीच अधिक सांगतात.

५/
प्रथम प्राचीन रोम. रोमन स्नानगृहात जाणारा माणूस थेट पाण्यात उतरत नसे. तो आधी व्यायाम करी, अंगाला तेल चोळी आणि मग ‘स्ट्रिजिल’ नावाच्या वाकड्या धातूच्या पट्टीने तेल, घाम व धूळ खरवडून काढी. पुढे कोमट, गरम आणि थंड अशा दालनांतून तो जाई. इ. स. २१६ मध्ये खुल्या झालेल्या काराकाला स्नानगृहाचे भग्नावशेष आजही रोममध्ये पाहता येतात. व्यवस्था भव्य होती आणि प्रवेशशुल्क नाममात्र असे.

६/
तथापि, रोमन हौदांतील पाणी शुद्ध राखण्याचे कोणतेही रासायनिक साधन तेव्हा नव्हते. निरोगी आणि आजारी दोघेही त्याच पाण्यात बसत. ताजी जखम घेऊन स्नानगृहात जाऊ नये, ती सडण्याचा धोका असतो, असा इशारा केल्सस या रोमन वैद्यकलेखकाने दिला आहे. सम्राट मार्कस ऑरेलियसने तर आपल्या चिंतनात स्नानाचे वर्णन तेल, घाम, मळ आणि तेलकट पाणी असे करून किळस व्यक्त केली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुरातत्त्वीय अभ्यासात, रोमन राजवटीत स्नानगृहे आणि शौचालये वाढूनही आतड्यांतील कृमींचे प्रमाण घटले नव्हते, असे दिसून आले.

७/
जपानने हा प्रश्न अधिक सोप्या रीतीने सोडवला. तेथील ‘सेंतो’ या सार्वजनिक स्नानगृहात हौदाबाहेर बसून अंग घासून, धुऊन, साबण पूर्ण उतरवूनच गरम पाण्यात शिरायचे, अशी रीत आहे. हौद शेकण्यासाठी आणि निवांत बसण्यासाठी असतो. मळ बाहेरच उतरवायचा.

घंगाळातले पाणी तांब्याने अंगावर घेणाऱ्या मराठी माणसास हे चटकन पटावे. अंगावरून ओघळलेले पाणी मोरीतून निघून जाते, त्यात पुन्हा कोणी बसत नाही. युरोपातील टबाची पद्धत अशी नव्हती, आणि तेथील पहिले सार्वजनिक तलाव त्या टबाचेच मोठे रूप होते.

८/
आता लिव्हरपूल, १८३२. शहरात पटकीची साथ होती. किटी विल्किन्सन या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या कामगार स्त्रीच्या घरी पाणी तापवण्याचा बंब होता. तिने शेजाऱ्यांना आजाऱ्यांचे कपडे आणि अंथरुणे धुण्यासाठी तो खुला केला. आठवड्याला एक पेनी घेऊन, ब्लीचिंग पावडर वापरून कपडे धुतले जात. पटकी पाण्यातून पसरते, हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये दाखवून देण्यास अजून बावीस वर्षे होती. पुढे जगभरच्या जलतरण तलावांत जे क्लोरीन आले, त्याच क्लोरीनचे संयुग या बाईने स्वयंपाकघराशेजारी वापरले होते.

९/
तिच्या आणि तिच्या पाठीराख्यांच्या खटपटीतून १८४२ मध्ये लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह व धुलाईघर सुरू झाले. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने स्नानगृहे व धुलाईघरे यांविषयीचा कायदा केला. थंड पाण्याच्या आंघोळीस एक पेनी आणि गरम पाण्याच्या आंघोळीस दोन पेनी याहून अधिक आकार कष्टकरी वर्गाकडून घेऊ नये, अशी मर्यादा त्यात होती. १८७८ च्या दुरुस्तीने छप्पर असलेले पोहण्याचे तलाव बांधण्याची मुभाही नगरपालिकांना मिळाली.

१०/
या तलावांचे पाणी गाळण्याची सोय नव्हती. तलाव भरायचा, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा रिकामा करायचा, घासायचा आणि पुन्हा भरायचा. मधल्या दिवसांत पाणी गढूळ होत जाई. अनेक ठिकाणी त्याप्रमाणे तिकिटाचे दरही ठरत. ताज्या पाण्याच्या दिवशी दर जास्त असे आणि पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशी सर्वांत कमी. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे तलाव वेगळे असत.

११/
यातली विसंगती उघड आहे. कोळसा, काजळी आणि यंत्रांच्या वंगणात दिवसभर राबलेल्या माणसाच्या अंगावर सर्वाधिक मळ असे, आणि खिशात सर्वांत कमी पैसे. म्हणून तो सर्वांत मळक्या पाण्याच्या दिवशी येई. ज्याला स्वच्छ पाण्याची खरी गरज होती, त्याच्या वाट्याला इतरांनी वापरलेले पाणी येई. पुढे त्याच तलावाकडे बोट दाखवून ‘हे लोक मुळातच अस्वच्छ’ असा निष्कर्ष काढणे सोपे झाले.

१२/
या पेचातून बाहेर काढणारे साधन तुरुंगातून आले. फ्रान्समधील रुआँ येथील तुरुंगाचे डॉक्टर मेरी देलाबोस्त यांनी १८७२ च्या सुमारास कैद्यांसाठी सामुदायिक शॉवरची व्यवस्था केली. थोड्या पाण्यात अनेकांची आंघोळ होई आणि मळ पाण्याबरोबर वाहून जाई. १८८३ मध्ये बर्लिनच्या आरोग्य प्रदर्शनात त्वचारोगतज्ज्ञ ऑस्कर लासार यांनी लोकांसाठी शॉवरगृह उभारून दाखवले. दहा फेनिगमध्ये साबण व टॉवेलसह आंघोळ मिळे. प्रत्येक जर्मन माणसास आठवड्यातून एकदा तरी आंघोळ मिळावी, हे त्यांचे ध्येय होते.

१३/
शॉवर स्वस्त झाल्यावर ‘आधी आंघोळ’ हा नियम प्रथमच व्यवहार्य ठरला. मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे १८९७ मध्ये खुल्या झालेल्या नगरपालिकेच्या तलावात पोहण्यापूर्वी शॉवरखाली जाणे आवश्यक होते. तेथे तलाव व्यायामासाठी होता आणि अंग धुणे हे वेगळे काम मानले गेले. कर्न्स फिलाडेल्फियात हादरले, त्याच्या आदल्याच वर्षाची ही गोष्ट. एकाच देशात जुनी आणि नवी कल्पना शेजारी शेजारी नांदत होत्या.

१४/
क्लोरीनचा प्रवासही याच काळातला. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ झेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्यास लावले आणि मातामृत्यू झपाट्याने घटले. १९०८ मध्ये जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास प्रारंभ झाला. १९१० च्या सुमारास ब्राउन विद्यापीठाच्या तलावात तोच प्रयोग झाला. आता पाणी दर आठवड्यास फेकून देण्याची आवश्यकता उरली नाही. ते गाळून, क्लोरीन मिसळून पुन्हा वापरता येऊ लागले. अर्थात तेच पाणी दीर्घकाळ वापरायचे, तर त्यात उतरणाऱ्याने सोबत काय आणले, याला महत्त्व आले.

१५/
या नव्या दक्षतेचे काही परिणाम आज चमत्कारिक वाटतील. त्या काळचे पोहण्याचे कपडे लोकरीचे असत. त्यांचे तंतू सुटून गाळणीत अडकत, रंगही पाण्यात उतरे. म्हणून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संघटनेने १९२६ मध्ये बंदिस्त तलावांत पुरुषांनी विवस्त्र पोहावे, अशी शिफारस केली. ही शिफारस १९६२ पर्यंत टिकली. कपड्यांसाठी नवे धागे आले, गाळण्या सुधारल्या आणि नियम मागे घेण्यात आला. कारण संपले की नियमही संपतो, याचे हे चांगले उदाहरण. पुढची उदाहरणे मात्र निराळी आहेत.

१६/
कर्न्स यांच्या अहवालातील एक तपशील येथे आठवला पाहिजे. त्यांनी पाहिलेल्या मळक्या मुलांत गोरी आणि कृष्णवर्णीय अशी दोन्ही मुले होती, आणि ती एकाच पाण्यात होती. कर्न्स यांना मळाचे आश्चर्य वाटले, त्या एकत्र पोहण्याचे वाटले नाही. अमेरिकी तलावांचा इतिहास लिहिणारे जेफ विल्ट्सी यांनी या नोंदीकडे लक्ष वेधले आहे. पुढे १९२० आणि १९३० च्या दशकांत स्त्री-पुरुषांसाठी एकत्र, मोठे आणि देखणे तलाव झाले. नेमकी त्याच वेळी कृष्णवर्णीयांना तेथून हुसकावण्यास सुरुवात झाली.

१७/
१९३१ मध्ये पिट्सबर्गच्या हायलँड पार्कमध्ये नवा तलाव उघडला. दारावर कृष्णवर्णीयांकडे आरोग्याचा दाखला मागण्यात आला. गोऱ्यांकडे तो कोणीही मागितला नाही. दुसऱ्या दिवशी आत शिरलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना पाण्यातच मारहाण झाली. दाखला मागण्यात वरकरणी काही वावगे नव्हते, कारण सार्वजनिक आरोग्याची भाषा सर्वांनाच मान्य होती. परंतु जंतू त्वचेचा रंग पाहत नाहीत. जो नियम काहींनाच लागू होतो, तो आरोग्याचा नियम राहत नाही.

१८/
१९५१, ओहायो राज्यातील यंगस्टाउन. लहान मुलांच्या बेसबॉल संघाने विजेतेपद मिळवले म्हणून संघाला नगरपालिकेच्या तलावावर नेण्यात आले. अल ब्राइट हा एकच कृष्णवर्णीय मुलगा संघात होता. त्याला कुंपणाबाहेर बसवण्यात आले. मोठ्यांनी रदबदली केल्यावर सर्व मुलांना पाण्याबाहेर काढून अलला एका रबरी तराफ्यावर बसवले गेले. जीवरक्षकाने तो तराफा तलावात एक फेरी फिरवला आणि त्या वेळी बजावले की पाण्याला हात लावायचा नाही.

त्या मुलाने आंघोळ केली होती का, हे कोणी विचारले नाही.

१९/
१८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे गोरे आणि कृष्णवर्णीय निदर्शक मिळून एका मॉटेलच्या तलावात उतरले. व्यवस्थापकाने पाण्यात म्युरियाटिक आम्ल ओतले. तलावाच्या फरशा घासण्यासाठी हे आम्ल वापरतात. त्या प्रसंगाची छायाचित्रे जगभर छापली गेली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी सिनेटने नागरी हक्कांचे विधेयक संमत केले. मिसिसिपीतील जॅक्सन शहराने तर सर्वांना प्रवेश देण्याऐवजी आपले सार्वजनिक तलावच बंद केले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते वैध ठरवले.

२०/
हे सारे दूरदेशीचे म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मुंबईच्या ब्रीच कँडी येथील तलाव अखंड हिंदुस्थानच्या नकाशाच्या आकाराचा आहे. पण त्या नकाशात हिंदी माणसास स्वातंत्र्यानंतरही काही काळ उतरता येत नव्हते. तो युरोपीयांसाठी राखीव होता.

आणि परकीयांनी घातलेल्या या बंदीहून कितीतरी जुनी बंदी या देशातील गावोगावच्या पाणवठ्यांवर होती. ती येथल्याच लोकांनी येथल्याच लोकांवर घातली होती.

२१/
महाडचे चवदार तळे पोहण्याचे नव्हते, पिण्याच्या पाण्याचे होते. परंतु ‘सामाईक पाणी कोण बाटवतो?’ हा प्रश्न तेथे सर्वांत उघडपणे विचारला गेला. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर खुले झालेल्या त्या तळ्यावर प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी जाऊ शकले नाही. गुरेढोरे मात्र तेथे पाणी पीत होती.

२२/
२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांचे मिश्रण भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारांसह पाण्यात रिकाम्या झाल्या. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध होते, असा तो हिशेब होता. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तळे खुले करण्याचा आपला ठरावही मागे घेतला. खटला दहा वर्षे चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल दिला.

२३/
स्वच्छता आणि शुद्धता या दोन शब्दांत मराठीत नेहमी गल्लत होते. महाडच्या प्रसंगात त्यांतील अंतर लख्ख दिसते. स्वच्छता तपासता येते. अंगावर मळ आहे की नाही, पाण्यात जंतू आहेत की नाहीत, हे पाहता येते आणि साबण-पाण्याने त्यावर उपाय करता येतो. शुद्धतेची कल्पना जन्माला चिकटवलेली असते. कितीही वेळा आंघोळ केली तरी त्या अर्थाने ‘अशुद्ध’ ठरवलेला माणूस शुद्ध होत नाही. पिट्सबर्गचा दाखला, यंगस्टाउनचा तराफा आणि महाडच्या घागरी यांत स्वच्छतेचा वेश घेतलेली शुद्धताच होती.

२४/
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशा सार्वजनिक ठिकाणांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून आडकाठी करता येणार नाही, असे नमूद आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यात विहिरीचा आणि स्नानघाटाचा नावानिशी उल्लेख करावा लागला. ज्यांच्या अनुभवातून तो उल्लेख आला, त्यांना पाण्याच्या काठावर थांबवले जाणे म्हणजे काय, हे पुरते ठाऊक होते.

२५/
मग पाणी खरोखर कोण घाण करतो? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राने दिले आहे: प्रत्येक जण. घाम, लघवी, मृत त्वचा, केसांचे तेल, चेहऱ्याचे मलम आणि शौचानंतर उरलेला विष्ठेचा सूक्ष्म अंश हे सारे प्रत्येक माणसाबरोबर पाण्यात उतरते. पाण्यातले क्लोरीन प्रथम या द्रव्यांवर खर्ची पडते आणि जंतूंसाठी तेवढे कमी उरते. घाम व लघवीतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. तलावावर येणारा उग्र ‘क्लोरीनचा वास’ आणि डोळ्यांची जळजळ मुख्यतः यांच्यामुळे असते. म्हणजे तो वास पाणी स्वच्छ असल्याची खूण नाही.

२६/
कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक युक्ती योजली. खाद्यपदार्थांत वापरला जाणारा एक कृत्रिम गोडवा शरीरात न पचता लघवीवाटे बाहेर पडतो. तलावातील पाण्यात तो किती आहे, हे त्यांनी मोजले. त्यावरून सुमारे ८ लाख ३० हजार लिटर पाण्याच्या एका तलावात अंदाजे ७५ लिटर लघवी असल्याचे अनुमान निघाले. त्या तलावात कोणत्या वर्णाचे, वर्गाचे वा देशाचे लोक पोहत होते, याने या आकड्यात काही फरक पडत नाही.

२७/
क्लोरीन सर्व काही मारते, हाही समज अपुरा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेले आकडे बोलके आहेत. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यात ई-कोलाय जंतू एका मिनिटाच्या आत मरतो. कावीळ-अ चा विषाणू सुमारे १६ मिनिटे टिकतो आणि जिआर्डिया सुमारे ४५ मिनिटे. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र दहा दिवसांहून अधिक तग धरतो. त्याच्यापुरता खरा अडसर एकच आहे. आजारी माणसाने पाण्यात उतरू नये.

२८/
या पार्श्वभूमीवर तलावाच्या पाटीवरील सूचना पुन्हा वाचाव्यात.

• पाण्यात उतरण्यापूर्वी शौचालयास जाऊन यावे.
• साबण लावून आंघोळ करावी. ते शक्य नसल्यास निदान एक मिनिट शॉवरखाली अंग नीट चोळून धुवावे. काख, जांघा, पार्श्वभाग आणि पावले विसरू नयेत.
• केसांना लावलेले खोबरेल आणि चेहऱ्यावरील प्रसाधने धुऊन टाकावीत. टोपी घालावी.
• पोहण्याचा वेश वेगळा व धुतलेला असावा. तोच अंगात घालून घरून येऊ नये.
• उघडी जखम असल्यास थांबावे.
• जुलाब होत असतील तर पाण्यात उतरू नये. क्रिप्टोस्पोरिडियमचे निदान झाले असल्यास जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे तलाव टाळावा.
• लहान मुलांना दर तासाभराने बाहेर काढून शौचालयास न्यावे.
• तलावाचे पाणी गिळू नये.

२९/
हा नियम एखादा समाज किती सहजपणे अंगवळणी पाडतो, हे आइसलँडमध्ये दिसते. तेथे १९४० पासून शाळकरी मुलांना पोहणे शिकणे सक्तीचे आहे आणि जवळपास प्रत्येक गावात भूगर्भातील उष्णतेने तापलेल्या पाण्याचा तलाव आहे. क्लोरीन कमी वापरायचे असल्याने पोहण्यापूर्वी विवस्त्र होऊन साबणाने अंग धुणे सर्वांना बंधनकारक असते. भिंतीवर मानवी आकृतीचे चित्र असते आणि डोके, काखा, जांघा व पावले लाल रंगात दाखवलेली असतात. न धुता पुढे जाणाऱ्यास परत पाठवले जाते. पर्यटक संकोचतात, पण त्यांनाही सवलत मिळत नाही.

३०/
आइसलँडच्या त्या चित्रातील आकृतीला चेहरा नसतो, वर्ण नसतो. ती कोणाचीही असू शकते. पिट्सबर्गच्या दारावरील रखवालदार माणूस पाहून नियम लावत होता, येथे नियम आधी आहे आणि माणूस कोणताही.

‘आपण घरून आंघोळ करूनच आलो आहोत’ असे सांगून शॉवर टाळणारे सुशिक्षित लोक प्रत्येक तलावावर भेटतात. घाण दुसऱ्याची असते, हीच जुनी समजूत त्यामागे असते. घर ते तलाव या वाटेवर घाम सर्वांनाच येतो. शॉवरखालच्या त्या एका मिनिटाचा अर्थ इतकाच की या पाण्यात आपल्याइतकाच दुसऱ्याचाही हक्क आहे. महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांनी तो हक्क मागितला होता, आणि यंगस्टाउनच्या त्या मुलाला तो नाकारला गेला होता.

(धागा समाप्त)